५१ तुकड्यांचा अपूर्णांक संच: घ्या, पण कोऱ्या बाजूनं वापरा

शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांसाठी मी हा फोमचा संच मागवला. एक अखंड पट्टी आणि तिचे २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ सारखे भाग, असे ५१ तुकडे. कापणी नेमकी आहे. १/३ चे तीन तुकडे अखंड पट्टीखाली लावले की कडा तंतोतंत जुळतात.

आमच्या मुलांना समच्छेद करून बेरीज-वजाबाकी बरी जमते. गाडी अडते ती शाब्दिक उदाहरणांत. हेच बघा: आईनं पगारातल्या शिल्लक पैशांपैकी २/५ किराण्याला दिले, उरलेल्यांपैकी १/३ भाजी-दुधाला, हातात २४० रुपये राहिले, सुरुवातीला किती होते? हुशार मुलंसुद्धा २/५ आणि १/३ ची बेरीज करतात, ४/१५ उरले म्हणतात आणि ९०० असं सुबक उत्तर काढतात. उत्तर पूर्णांकात आलं की शंकाही येत नाही.

पट्ट्यांवर हेच करायला दिलं. पाच पंचमांश मांडले, दोन उचलले, तीन राहिले. आता "१/३" म्हटल्यावर एका मुलीनं डब्यातून १/३ छापलेला तुकडा शोधून आणला! छापील आकडाच आड येत होता. सगळे तुकडे उलटे केले, मागची बाजू कोरी आहे. मग तिनं तिनातला एक सरळ उचलला. दोन तुकडे म्हणजे २४०, एक १२०, पाच म्हणजे ६००. "सर, मग भागाकार कशाला?" हा तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

सोबतची पुस्तिका मात्र निराशा करते. पिझ्झ्याचे तुकडे मोजण्यापलीकडे ती जात नाही. शिवाय वीस भागांची पट्टी नाही. टाकी २/५ भरलेली, १४० लिटर ओतल्यावर ३/४ झाली, अशा उदाहरणाला संच अपुरा पडतो. तिथे मी चौकटीच्या वहीत वीस घरं आखायला लावतो: १५ घरांतून ८ गेली, ७ घरं म्हणजे १४०, एक घर २०, टाकी ४०० लिटरची. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून अशा पट्ट्या काढूनच उदाहरणं सोडवतात. परीक्षेत तुकडे नेता येत नाहीत, कच्च्या कामाला पेन्सिल चालते. त्यामुळे संचावरून वहीवर लवकर या.

चार-पाच मुलांत एक संच पुरतो. उदाहरणं स्वतः तयार करायची तयारी असलेल्या शिक्षकानं किंवा पालकानं जरूर घ्यावा.