फ्रिजचे पैसे परत हवेत: दुकान, हेल्पलाइन १९१५ की ग्राहक आयोग?

पाडव्याला घेतलेला फ्रिज महिन्याभरात गार करेनासा झाला, की सांगलीत काय किंवा मिरजेत काय, काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही फक्त विकतो, कंपनीला फोन लावा." त्यावर मुकाट्याने घरी यायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलबुकावरचं वाक्य सदोष मालाच्या आड येत नाही.

म्हणून पहिल्या ३० दिवसांत माझा कौल दुकानाला. घरातली लग्नं, वास्तुशांती सगळी खरेदी त्याच दुकानातून झाली असेल, तर मालक शब्द राखायला वस्तू बदलून देतो. रोख पैसे सोडायला मात्र त्याचा हात आखडतो. "दुसरा पीस न्या, नाहीतर तेवढ्याचं काहीतरी घ्या," यावरच गाडी अडते. बदली चालणार असेल तर इथेच मिटवा. पैसेच हवे असतील तर तोंडी बोलण्यावर राहू नका. बिलाचा फोटो, बिघाड आणि 'रक्कम परत हवी' एवढं व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि तोच मजकूर कागदावर देऊन पोच घ्या.

दुकानाचा मार्ग घ्या नाहीतर दुसरा, कंपनीचा टेक्निशियन घरी येणारच. तो गॅस भरतो किंवा पीसीबी (आतलं सर्किट बोर्ड) बदलतो आणि निघताना म्हणतो, "काकू, मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा." तो सांगितला की कंपनीच्या कॉम्प्युटरवर तक्रार मिटली. फ्रिज संध्याकाळी पुन्हा कोमट झाला तर ती नवी तक्रार, आणि 'पहिली दुरुस्ती यशस्वी' ही नोंद तुमच्या विरोधात. रात्रभर चालवून बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका. तो कुरकुर करेल, करू द्या. जॉबशीटवर, म्हणजे त्याने केलेल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम' असं मोघम लिहिलं असेल तर सही करताना खाली 'मान्य नाही' लिहा. अशा तीन जॉबशीट एका वकिलापेक्षा जास्त बोलतात.

३० दिवस उलटले किंवा दुकानदाराने हात वर केले, तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमची तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि मोठ्या ब्रँडकडून बऱ्याचदा हालचाल होते, कारण आता फोन सर्व्हिस सेंटरच्या वरच्या माणसाला जातो. पण हेल्पलाइनला हुकूम काढायचा अधिकार नाही. पेठेतल्या एकट्या दुकानदाराला त्या फोनची फारशी धास्ती नसते. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला मात्र हा मार्ग चांगला लागू पडतो. तिथे विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्यात निवारण करणं बंधनकारक आहे.

राहिला जिल्हा ग्राहक आयोग. पैसे व्याजासह परत, वर भरपाई आणि खर्च, हा हुकूम फक्त इथूनच निघतो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी तुम्ही सांगलीत राहता म्हणून तक्रार सांगलीतच दाखल होते. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते आणि व्हिडिओवर सुनावणी मागता येते, म्हणजे जत-आटपाडीहून दर तारखेला एसटी धरायला नको. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर प्रत्येकजण गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो.

वेळेचा हिशेब मात्र सोसावा लागतो. कायदा तीन महिने म्हणतो, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून लांबतं. म्हणून अडीच हजारांच्या मिक्सरसाठी मी आयोगापर्यंत जाणार नाही. १९१५ वर फोन करावा आणि बदली मिळाली तर घ्यावी. तीस-चाळीस हजारांचा फ्रिज किंवा वॉशिंग मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं, तर मात्र आयोगच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. "पुढच्या आठवड्यात पार्ट येतोय" ऐकत तेवढी मुदत सहज निघून जाते.

हप्त्यावर घेतलं असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं असतं आणि बिघडलेल्या फ्रिजपायी सिबिल स्कोअर तुमचा खराब होतो. आणि वस्तू परत नेण्यापूर्वी मागच्या बाजूच्या सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. टेम्पोत चढलेला फ्रिज तुमचाच होता, हे पुढे तोच सांगतो.