चार बाय सहा फुटांत किल्डेअर घराणं: एका सोलापुरी वॉल हँगिंगचं परीक्षण

सोलापुरात वॉल हँगिंग म्हटलं की विठ्ठल-रखुमाई, शिवाजी महाराज, मोर, फार तर ताजमहाल. त्याच रांगेत आयर्लंडच्या एका सरदार घराण्याची वंशवेल टांगलेली दिसली की गिऱ्हाईक थबकतंच. पूर्व भागातल्या एका लहान कारखान्यात, एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागासाठी ऑर्डरने विणलेला हा माल आहे. जास्तीचे नग दुकानात विक्रीला आलेत. माप ४ बाय ६ फूट, सुती, नगाला २,६०० रुपये. विषय ट्यूडर काळातले, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासचे किल्डेअरचे अर्ल (अर्ल म्हणजे वंशपरंपरेची सरदारकी), म्हणजे फिट्झजेरल्ड घराणं. विणकाम चांगलं आहे. वंशवेल मात्र अर्धीच आहे, आणि ती अर्धी राहण्याचं कारण इतिहासापेक्षा मागात जास्त सापडतं.

आधी कापड बघू. २,६८८ हुकांच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, एक हुक एक ताणा (उभा धागा) उचलतो; इंचाला ५६ ताणे घेतले की बरोबर ४८ इंचांत हुक संपतात. म्हणजे चार फूट रुंदीत नक्षी पुन्हा कुठेच येत नाही. वंशवेलीला हे लागतंच. चादरीच्या किनारीवर मोर दहादा आला तरी बिघडत नाही, इथे आठवा अर्ल दोनदा आला तर पंचाईत. कमी हुकांच्या मागावर हाच माल स्वस्तात देतो म्हणणारे भेटतील. त्यांची नक्षी निम्म्या रुंदीत संपते आणि उरलेली बाजू आरशातल्यासारखी उलटी येते. फुलांना ते शोभतं, अक्षरांना नाही.

बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, तीन रंग आहेत: मोतिया, काळा, लाल. इंचाला प्रत्येक रंगाचे २४ पिक (पिक म्हणजे बाण्याची एक फेक), म्हणजे ७२ इंचांत १,७२८ ओळी, तिन्ही रंग धरून ५,१८४ पिक. आता मेख बघा. आडव्या दिशेला इंचात ५६ टिंबं मिळतात, उभ्या दिशेला फक्त २४. त्यामुळे वरून खाली जाणारी रेघ सुरेख, बारीक आणि सलग येते. डावीकडून उजवीकडे जाणारी रेघ एका पिकाची ठेवली तर बाणा धरून ठेवणारे बांधणीचे ताणे तिला मध्ये मध्ये दाबतात आणि ती तुटक ठिपक्यांची दिसते. तीन पिकांची केली की जाड होते आणि उभ्या रेघेला जिथे छेदते तिथे काळा डाग पडतो.

वंशवेलीत बाप-मुलगा उभ्या रेघेने जोडतात आणि लग्न आडव्या रेघेने. डिझाइन करणाऱ्याने सोपी वाट धरली. उभ्या रेघा सगळ्या ठेवल्या, आडव्या जवळजवळ सगळ्या गाळल्या. बायकोचं नाव नवऱ्याच्या चौकटीत बारीक अक्षरात कोंबलंय आणि मुलींच्या जागी तीन ठिकाणी नुसतं 'व कन्या' असं विणलंय. दुसऱ्या एखाद्या घराण्यात हे खपलं असतं. किल्डेअरांच्या घरात 'व कन्या' हाच निम्मा इतिहास आहे.

आठवा अर्ल गेराल्ड, गॅरेट मोर, म्हणजे आपल्या भाषेत थोरला. १५१३ मध्ये गोळी लागलेल्या जखमेने वारला. इंग्लंडच्या राजाचा नायब म्हणून त्याने आयर्लंडचा कारभार इतकी वर्षं आपल्या मुठीत ठेवला की त्याला आयर्लंडचा बिनमुकुटाचा राजा म्हणतात. १४८७ मध्ये लँबर्ट सिम्नेल नावाच्या तोतयाला डब्लिनच्या ख्राइस्ट चर्चमध्ये राज्याभिषेक झाला, त्यामागे हाच होता. सातव्या हेन्रीने १४९५ मध्ये त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकलं आणि १४९६ मध्ये पुन्हा नायब करून परत पाठवलं. परत पाठवताना जोडीला बायको दिली: एलिझाबेथ सेंट जॉन, राजाच्या आईच्या सावत्र भावाची मुलगी. हँगिंगवर 'एलिझाबेथ' एवढंच नाव आहे. राजाची मामेबहीण घरात आली, हे त्या एका शब्दातून कुणाला कळणार?

मुलींचं तर विचारूच नका. खालच्या कोपऱ्यात 'वैरी: ऑर्मंडचे बटलर' अशी झोकदार पाटी आहे. थोरल्याची मुलगी मार्गारेट त्याच बटलरांच्या पियर्सला, पुढच्या ऑर्मंडच्या अर्लला, दिली होती, याचा पत्ता नाही. दुसरी मुलगी युस्टेशिया क्लॅनरिकार्डच्या उलिक बर्कला दिली, आणि १९ ऑगस्ट १५०४ ला नॉकडोच्या टेकडीवर थोरल्याने ज्याच्याशी लढाई केली तो हाच जावई. हँगिंगवर नॉकडोसाठी दोन तलवारी विणल्यात, नक्षीकामात सगळ्यात देखण्या त्याच. सासरा-जावयाची रेघ तेवढी नाही.

नववा अर्ल गेराल्ड, गॅरेट ओग, म्हणजे धाकटा. त्याची दोन लग्नं चौकटीत आहेत, एलिझाबेथ झूश आणि एलिझाबेथ ग्रे. पण कोणती मुलं कोणाची, हे दाखवलेलं नाही. सगळी मुलं एका ओळीत एकाच रेघेखाली. इथे घोटाळा मोठा होतो. थोरला मुलगा थॉमस झूशचा. गेराल्ड, एडवर्ड आणि एलिझाबेथ ही ग्रेची. बाप लंडनला अडकलेला असताना थॉमसने ११ जून १५३४ ला डब्लिनच्या सेंट मेरी मठात कारभाराची तलवार खाली टाकून आठव्या हेन्रीविरुद्ध बंड पुकारलं. बाप त्याच वर्षी कैदेत वारला. मार्च १५३५ मध्ये घराण्याचा मेनूथचा किल्ला पडला, ऑगस्टमध्ये थॉमस लॉर्ड लिओनार्ड ग्रेच्या हाती आला, आणि ३ फेब्रुवारी १५३७ ला पाच चुलत्यांसह लंडनच्या टायबर्न वधस्थळावर त्याला देहदंड झाला. लिओनार्ड ग्रे हा एलिझाबेथ ग्रेचा सख्खा भाऊ. म्हणजे थॉमसचा सावत्र मामा आणि लहानग्या गेराल्डचा सख्खा मामा. एका भाच्याला शरण आणणारा हा मामा १५४१ मध्ये स्वतःच शिरच्छेदाला गेला, आणि दुसरा भाचा निसटला हे त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होतं. त्या पोराला वाचवलं ते आत्या एलेनॉरने. विधवा असताना १५३८ मध्ये तिने मॅनस ओ'डॉनेल या आयरिश सरदाराशी लग्न केलं ते भाच्याला आसरा मिळावा म्हणून. १५४० मध्ये पोरगा फ्रान्सला पोचला. हँगिंगवर ना मामा, ना आत्या. पुढे अकरावा अर्ल झालेल्या या गेराल्डची चौकट दहाव्या अर्लच्या, थॉमसच्या, चौकटीशेजारी अशी शांत बसली आहे, जणू काही घडलंच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आडव्या रेघा विणता येत नाहीत हे मान्य. पण मराठीत त्या लागतातच कुठे? इंग्रजी तक्त्यात जे तीन रेघा आणि एका कंसाने दाखवावं लागतं, ते आपल्याकडे 'आत्या', 'मामा', 'जावई', 'सावत्र आई' अशा एकेका शब्दात बसतं. चौकटीखाली पाऊण इंची अक्षरात नातं विणलं की काम झालं. जागा नाही, ही सबब टिकत नाही. प्रत्येक चौकटीत 'फिट्झजेरल्ड' पुन्हा पुन्हा विणलंय आणि ते दरवेळी पाच इंच खातं. आडनाव एकदाच वर मथळ्यात ठेवा, बाकी जागा नात्यांना द्या.

शिवाय ते आडनाव नीट उमटतही नाही. पाऊण इंची अक्षराला मिळतात जेमतेम १८ ओळी. वरच्या मात्रेला ४, शिरोरेषेला २, खालच्या उकाराला ४, की अक्षराच्या पोटाला उरतात ८. 'ट्झ' मधली पाय मोडल्याची तिरकी रेघ दोन ओळींत बसवली आहे. ती बांधणीखाली गडप होते आणि 'फिटझजेरल्ड' असं वाचावं लागतं. 'ऑर्मंड'चा अनुस्वार एकाच ओळीचा, म्हणून पाटीवर 'ऑर्मड' झालंय. अनुस्वार किमान तीन ओळी आणि सहा ताण्यांचा हवा, जोडाक्षरं शक्य तिथे पाय न मोडता जोडून काढावीत.

एक गाठ मात्र शब्दांनीही सुटायला अवघड आहे, आणि तिथे आडवी रेघ जाड झाली तरी घालावीच. नवव्या अर्लची मुलगी एलिझाबेथ, सरेच्या अर्लने जिच्यावर सुनीत लिहिलं ती 'फेअर जेराल्डिन', सर अँथनी ब्राउनची दुसरी बायको झाली. ब्राउनच्या पहिल्या बायकोची मुलगी मेबल. आणि १५५४ मध्ये अकराव्या अर्लने लग्न केलं ते या मेबलशी. म्हणजे बहिणीची सावत्र मुलगी भावाची बायको. हँगिंगवर ब्राउन दोन टोकांना दोन वेगळ्या चौकटींत आलाय, बघणाऱ्याला वाटतं माणसं दोन.

सनांत दोन चुका आहेत. थॉमसच्या देहदंडाचं वर्ष १५३६ विणलंय. ही नुसती टायपिंगची चूक नसावी. त्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, आपलं शक पाडव्याला बदलतं तसं, त्यामुळे जुन्या कागदांत तो फेब्रुवारी १५३६ मध्येच पडतो. आजच्या हिशेबाने १५३७. बाकीच्या तारखा आजच्या हिशेबाच्या आहेत, मग हीही तशीच हवी. दुसरी चूक रेघेची. थॉमसनंतर अर्लपद जप्त होतं आणि ते परत मिळालं १५५४ मध्ये, मेरी राणीच्या राज्यात. ही सतरा वर्षं अर्ल नव्हताच. तिथे रेघ तुटक हवी, आणि तुटक उभी रेघ मागाला अजिबात जड नाही.

वेल १५८५ ला अकराव्या अर्लपाशी थांबते, खाली सात इंच कोरं कापड सोडलंय. एडवर्डच्या चौकटीखाली काहीच नाही, जणू ती फांदी वाळली. खरं तर उलटं झालं. अकराव्याचे मुलगे हेन्री आणि विल्यम एकामागून एक अर्ल झाले; हेन्री १५९७ मध्ये गेला, विल्यम १५९९ मध्ये समुद्रात बुडाला, दोघांनाही मुलगा नव्हता. पद गेलं एडवर्डच्या मुलाकडे. कोऱ्या सात इंचांत हे सहज मावतं.

आता घेणाऱ्याच्या कामाचं. ढालीवर पांढऱ्या जमिनीवर लाल तिरकी फुली आहे, ती घराण्याची खरी खूण. तिच्या तिरक्या कडांना पायऱ्या दिसतात, पण सहा फुटांवरून डोळ्यांत येत नाहीत. खरी भीती लालची. पांढरं ओलं फडकं फुलीवर दहा वेळा घासा. फडकं गुलाबी झालं तर नग परत करा. मीठ-तुरटीच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही, दुकानदार काहीही सांगो. मागच्या बाजूने बोट फिरवा. अर्ध्या इंचापेक्षा लांब सुटा धागा बोटात अडकला तर तो पुढेमागे ओढला जाऊन समोर सुरकुती पाडणार. हा नग या परीक्षेत नीट उतरला, फक्त मेनूथच्या बुरुजामागे चार-पाच धागे लांब होते.

खालची झालर 'सिल्क'ची म्हणून विकतात. कल्पना झकास आहे, कारण थॉमसच्या माणसांच्या शिरस्त्राणांना रेशमी झालर असायची म्हणून तो 'सिल्कन थॉमस' झाला. पण झालरीचा एक धागा जाळून पाहिला तर कागद जळल्याचा वास येतो. रेशीम असतं तर केस जळल्यासारखा आला असता. हे आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम आहे. दिसायला छान आहे, फक्त त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

टांगायला वर दोन इंची नेफा शिवलाय, पण खाली नाही. तो शिवून घ्या आणि त्यात हलकी काठी घाला, नाहीतर महिन्याभरात खालचे कोपरे वळतात. वरची काठी चार फुटांची म्हणून दोन खिळे पुरत नाहीत, मधोमध तिसरा लागतो. धुऊ नका. सुती कापड पहिल्या पाण्यात तीन टक्के जरी आटलं तरी सहा फुटांत दोन इंच जातात, आणि अक्षरं आधीच दाटीची आहेत. मऊ ब्रशने महिन्यातून एकदा धूळ झटका, पश्चिमेचं ऊन पडतं त्या भिंतीवर लावू नका.

दुकानातला तयार नग घ्यायचा असेल तर २,६०० जास्त वाटतात. चुका पोटात घालून २,००० पर्यंत ठीक. शाळा-कॉलेजसाठी घेणाऱ्याने सरळ दुरुस्त फाइलने नवी ऑर्डर द्यावी. फाइल लावण्याआधी ४८ बाय ७२ इंचाचा कागदी प्रिंट मागा, स्क्रीनवर बघून होकार देऊ नका. स्क्रीनवर उभी-आडवी टिंबं सारखी दिसतात, मागावर नसतात. प्रिंट भिंतीला लावून दहा फुटांवरून नावं वाचा. जे तिथे वाचता येत नाही ते कापडावर मुळीच येणार नाही.

आणि माथ्यावरचं माकड सुधारून घ्या. घराण्याच्या चिन्हात माकड आहे, कारण आगीतून एका माकडाने तान्ह्या वारसाला उचलून वाचवलं अशी त्यांच्यात आख्यायिका. त्याच्या कमरेला पट्टा आणि सोन्याची साखळी असते. इथे शेपूट डोक्यावर वळवलेली, एक पाय पुढे, साखळीचा पत्ता नाही. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस त्याला हात जोडतो.