डुकरामागच्या कुत्र्याच्या पिल्लांसाठी जीपीएस पट्टा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

डुकरांच्या शिकारीत कुत्री कुठे आहेत ते कळावं म्हणून ऑगस्टात घेतलेला सेट मे उजाडला तरी नियमित वापरात आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. हातातलं यंत्र आणि एक पट्टा मिळून आठशे डॉलरच्या आसपास गेले, दुसरा पट्टा वरून तीनशेला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीचे सेट आतून जवळपास सारखेच असतात, आणि माझ्या निम्म्या तक्रारी माझ्याच चुकांतून आल्यात.

आम्ही टेक्सासात राहतो, ब्रायनजवळ, ब्राझोस नदीच्या खोऱ्यात. आमची जमीन बारा एकर. कुंपणापलीकडे एका म्हाताऱ्या शेजाऱ्याची तीनशे एकर, बहुतेक गवताची. डुकरं एका रात्रीत ती अशी उकरतात की सकाळी बघणाऱ्याला वाटावं, कुणी दारू पिऊन नांगर धरला होता. ही डुकरं इथली मूळची नव्हेत. स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या पाळीव डुकरांची रानात सुटलेली पिलावळ, आणि पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी आणून सोडलेल्या युरोपीय रानडुकरांचा तिच्यात झालेला संकर. म्हणूनच २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, ती मारायला शिकारीचं लायसन्सही लागत नाही. हे ऐकल्यापासून सांगलीहून भाऊ प्रत्येक फोनला म्हणतो, "दादा, येताना एक पट्टा आण की." त्याला तितक्याच वेळा सांगितलंय की आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, उसाचं कितीही नुकसान झालं तरी परवानगीशिवाय कुत्री लावून डुक्कर मारणं हा गुन्हाच. तिथलं रानडुक्कर तिथलंच आहे, हा फरक आहे.

कुत्री दोन, खंड्या आणि चिंगी. भावंडं, ब्लॅक माउथ कर जातीची: पिवळं अंग आणि काजळीत बुडवल्यासारखं तोंड. पट्टा आला तेव्हा सात महिन्यांची होती. त्यांचं काम 'बे' करायचं, म्हणजे डुक्कर हुडकून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि माणूस पोचेपर्यंत भुंकत अडवून धरायचं. तोंड लावायचं नाही. ते काम शेजाऱ्याच्या बुलडॉगचं, आणि तो केवलारचं जाकीट घातल्याशिवाय गाडीतून उतरत नाही.

खोक्यावर नऊ मैल रेंज छापलीय. तेवढी बहुधा वाळवंटात डोंगरावर उभं राहिलं तर मिळत असेल. आमच्याकडे यॉपॉनची झुडपं इतकी दाट की वाकल्याशिवाय माणूस शिरत नाही. तिथं मला एक, फार तर दीड मैल मिळाली. यंत्राचा दोष नाही. पट्टा उपग्रहावरून आपली जागा काढतो आणि दोन वॅटच्या रेडिओवरून थेट हातातल्या यंत्राला कळवतो. मधे टेकाड किंवा ओढ्याची खोल घळ आली की यंत्राच्या नकाशावरचा कुत्र्याचा ठिपका गोठतो. मोबाइलचं नेटवर्क मात्र लागत नाही, आणि नदीकाठी ते नसतंच.

पण खरी रेंज वेगळीच. वास लागलेला नसताना कुत्रं मालकापासून किती लांब जाऊन शोधतं आणि काही नाही मिळालं तर कधी परत येतं, त्यालाही इथं रेंजच म्हणतात. मला तीन-चारशे यार्ड जाऊन परतणारी कुत्री हवी होती, आणि पट्टा घेतला की ते आपोआप जमेल असा माझा समज. पहिल्या दोन महिन्यांत मी काय केलं, तर खंड्याचा ठिपका दीडशे यार्डांच्या पुढे सरकला की टोनचं, म्हणजे पट्ट्यात आवाज वाजवणारं, बटण दाबलं. घरामागे आधीच शिकवलेलं होतं: टोन वाजला की परत यायचं, आल्यावर खाऊ. पोरगं गुणी, दर वेळी धावत यायचं. मला कोण कौतुक!

ऑक्टोबरात खंड्या माझ्या बुटांमागून चालायला लागला. अक्षरशः. गाडीचं दार उघडलं की उतरायचा, वीस पावलं पुढे जायचा आणि मान वळवून माझ्या हाताकडे बघायचा. ज्या हातात यंत्र, त्याच हाताकडे. शेजारी म्हणाला, "याचं नाक वाऱ्याकडे नाही, तुझ्या खिशाकडे आहे."

बटणाने रेंज कमी करता येते, वाढवता येत नाही, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. वाढवायला तीन महिने गेले. यंत्र खिशात, टोन पूर्ण बंद. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने शिरायचं आणि ओंडक्यावर बसून राहायचं. आपण चालत राहिलो की कुत्रं आपल्याबरोबर राहतं. आपण बसलो की कंटाळून पुढे जातं. शेजाऱ्याची म्हातारी कॅटाहूला कुत्री सोबत सोडली ती खरी गुरुमाउली ठरली. जानेवारीत एका पहाटे खंड्याचा ठिपका ३४० यार्डांवर जाऊन थांबला आणि वीसेक यार्डांच्या वर्तुळात घुटमळायला लागला. मग आवाज आला, तुटक, एकसुरी, जागचा न हलणारा. पहिला 'बे'. डुक्कर जेमतेम तीस किलोचं होतं, पण माझे हात थरथरत होते.

चिंगीची गोष्ट बरोबर उलटी. तिला थांबायचंच नसतं. नोव्हेंबरात, ऐन हरणांच्या हंगामात, तिने हरणाचा माग धरला आणि शेजाऱ्याच्याही पलीकडच्या जमिनीत शिरली. तिथं खांबांवर जांभळ्या रंगाचे पट्टे आहेत. टेक्सासात त्याचा अर्थ 'आत येऊ नका', पाटी लावल्यासारखाच. त्यात कुत्र्यांनी हरणं पळवून मारणं इथं बेकायदा. मी यंत्रावर हद्द आखून ठेवली होती आणि इशारा आलाही, पण बॅटरी वाचवायला ठिपका दर दहा सेकंदांनी ताजा व्हावा असं ठेवलेलं. ताशी पंधरा मैलांनी पळणारं कुत्रं दहा सेकंदांत सत्तरच्या वर यार्ड जातं. इशारा वाजला तेव्हा बाई कुंपणाखालून केव्हाच पार. जमीनमालक मचाणावर बसलेला होता, त्याची सकाळ वाया गेली. फोन करून माफी मागितली, ख्रिसमसला बायकोने चकल्यांचा डबा पाठवला, तेव्हा कुठे तो बोलायला लागला. आता हद्दीजवळ अडीच सेकंदांवरच ठेवतो. बॅटरी दीड दिवसाऐवजी एक दिवस चालते, चालू दे.

पट्ट्यातून देता येणाऱ्या विजेच्या झटक्याबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगतो. माझ्या पट्ट्यात अठरा पातळ्या आहेत. चिंगीला तिसरी पुरते: कान हलतो, मान झटकते, बस. तीही फक्त हरीण स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तर. रात्री नुसता ठिपका पळताना बघून कधी दाबायचं नाही. पुढे डुक्कर असलं तर पिल्लू त्या दिवसापासून डुकरालाच घाबरेल. कुत्र्यापुढे काय पळतंय ते नकाशा सांगत नाही.

बारीकसारीक तक्रारी: पट्ट्याचे धातूचे खुंट मानेला टोचतात. पहिल्याच महिन्यात खंड्याच्या गळ्याखाली रुपयाएवढे दोन लाल चट्टे उठले, केस गेलेले, खाली ओलसर. दोष माझा, रात्रभर पट्टा काढला नव्हता. आता दर दोन-तीन तासांनी सरकवतो आणि घरी आलो की आधी पट्टा, मग माझे बूट. फेब्रुवारीत चिंगीने गाडीतल्या पिंजऱ्यात खंड्याच्या पट्ट्याची अँटेना चावून चावून झाडूसारखी केली. रेंज तीनशे यार्डांवर आली आणि मी आठवडाभर सॅटेलाइटला शिव्या देत होतो. नवी अँटेना स्क्रूने बसते, पाच मिनिटांचं काम. नकाशावर जमिनींच्या हद्दी दिसायला दरवर्षी वेगळे पैसे भरावे लागतात, ते मात्र मला अजून पचलेलं नाही.

एक गोष्ट पट्ट्याच्या बाहेरची. या डुकरांत स्यूडोरेबीज नावाचा विषाणू असतो आणि कुत्र्याला झाला तर ते वाचत नाही. कच्चं मांस कुत्र्यांना अजिबात चाटू देऊ नका; आपणही सोलताना हातमोजे घाला, कारण डुकरांतल्या ब्रुसेला नावाच्या जिवाणूचा आजार माणसालाही होतो.

घ्यायचा का? पिल्लू वर्षाच्या आतलं असेल तर घ्या, पण पहिले दोन महिने फक्त नकाशा बघा, बटणांना हात लावू नका. जादा अँटेना पहिल्याच दिवशी मागवून ठेवा. माझी दुसरी जादा परवा आलीय, फडताळात सगळ्यात वर ठेवलीय, कारण चिंगीने खोकं हुंगून झालंय.