बाळाच्या वरच्या दुधाला पाणी कुठलं? जार, बाटली, आरओ सगळं वापरून झाल्यावरचा अनुभव

आमची मुलगी ३६ व्या आठवड्यात झाली, वजन २.१ किलो, अंगावर नीट ओढायची ताकद नव्हती आणि मलाही सुरुवातीला दूध पुरत नव्हतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ मॅडमनी वरचं दूध लिहून दिलं, म्हणजे डब्याची पावडर. डब्याचं नाव इथे लिहिणार नाही, आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे बाळाच्या दुधाची जाहिरात बंद करणारा आणि तो असायलाच हवा, आईचं दूध येत असेल तर डब्याकडे बघूच नका. पण ज्यांना डबा आणावाच लागतो त्यांना कुठला डबा चांगला ते दहा जण सांगतात आणि पाण्याचं कोणीच बोलत नाही. ९० मिली पाण्यात तीन चमचे पावडर, म्हणजे पोटात जातं ते जास्त करून पाणीच की. म्हणून हा रिव्ह्यू पाण्याचा आहे, आणि त्यासाठी घेतलेल्या केटल, थर्मास नि थर्मामीटरचा.

आम्ही पुण्याला वाघोलीला राहतो. सोसायटीत टँकर आणि बोअर मिक्स, कुठल्या दिवशी कुठलं पाणी नळाला आलंय ते वॉचमनलाच माहिती. प्यायला आधीपासून २० लिटरचा जार लावला होता, महिनाभर बिल, वर आणून देणारा मुलगा वेळेवर यायचा, पाणी चवीला गोड, तक्रार करावी असं काही नव्हतं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या रात्री मी जार बदलताना झाकण हातात घेतलं आणि आतल्या कडेच्या खोबणीत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं, हिरवट पातळ थर होता, शेवाळासारखा. त्या जारमधलंच पाणी कोमट करून मी चार दिवस बाळाला देत होते. रात्रभर झोप नाही आली, दर थोड्या वेळाने तिचं पोट बघत होते, श्वास बघत होते. काही झालं नाही, देवाची कृपा.

सकाळी जारवाल्यांना फोन केला तर म्हणे ताई सगळी बिल्डिंग हेच पाणी पिते, कोणाची तक्रार नाही. जारवर सील नाही, कधी भरला ती तारीख नाही, बॅच नंबर नाही, काहीच नाही. तुम्हीही घरचा जार एकदा उलटसुलट करून बघा. पॅकबंद पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १४५४३ आहे, तो नंबर, भरल्याची तारीख आणि न फुटलेलं सील, एवढं दिसायला हवं. थंड पाण्याचा म्हणून जो सुटा जार घरोघरी फिरतो त्यावर यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं. आम्ही त्याच दिवशी बंद केला.

आणि हे उगाच घाबरणं नाहीये. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट एकामागून एक सापडले, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू निघाला आणि संशय पाण्यावर गेला. माझी नणंद धायरीला असते, तेव्हा त्यांच्याकडे महिनाभर हंड्याने पाणी उकळणं चालू होतं. उकळल्यावर तो जंतू मरतो, म्हणून उकळणं हा पाया आहे, पाणी कुठलंही असो.

जार बंद केल्यावर आठवडाभर सीलबंद बाटल्या आणल्या, लिटरला वीस रुपये. पाणी ठीक असतं, प्रवासात मी अजूनही तेच घेते, पण दोन गोष्टी सांगते. एक, सीलबंद म्हणजे निर्जंतुक नव्हे, तेही उकळायलाच लागतं. दुसरी गोष्ट, नैसर्गिक मिनरल वॉटर आणि साधं पॅकेज्ड वॉटर वेगवेगळं असतं, मिनरलवाल्यात क्षार जास्त असू शकतात आणि लहान बाळाच्या किडनीला ते नको असतात. इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवा सांगते की बाटलीचं पाणी वापरायची वेळ आलीच तर लेबलवर सोडियम लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत आणि सल्फेट २५० च्या वर नसलेलं बघा. महाग डोंगरातलं पाणी म्हणजे बाळाला जास्त चांगलं असं काही नाही.

मग आरओ घेतला, यूव्हीवाला. इथे जरा सविस्तर लिहिते कारण इथेच मी जवळजवळ फसले होते. बसवायला आलेल्या माणसाने खिशातून टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, पेन काढला, नळाचं पाणी ११४०, आरओचं ३५. म्हणाला मॅडम ३५ फार कमी आहे, मिनरल राहत नाहीत, मी १५० वर सेट करून देतो, आणि स्क्रू ड्रायव्हरने मशीनच्या आतला एक छोटा पांढरा नॉब फिरवला. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी नवऱ्याने मशीन उघडून पाइप कुठून कुठे जातो ते बघितलं तेव्हा कळलं की तो नॉब मिनरल टाकत नाही, तो मेंब्रेनला, म्हणजे आरओच्या मुख्य गाळणीला, बगल देऊन आलेलं पाणी स्वच्छ पाण्यात मिसळतो. म्हणजे त्या पाण्यातले जंतू यूव्हीने मरतील पण विरघळलेलं जे काही असेल, नायट्रेट, फ्लोराइड, ते तसंच्या तसं ग्लासात. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं ते आपल्याला माहीत नाही आणि आपण पैसे देऊन तेच परत मिसळून घेतोय. नॉब पूर्ण बंद करून घेतला. मिनरलचं डॉक्टर मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या बाळाला लागतात ते क्षार पावडरमध्ये मोजून घातलेले असतात, पाण्यातून द्यायची गरज नाही. आणि तो पेन फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू त्याला दिसत नाहीत, त्यामुळे पेनवर आकडा कमी आला म्हणून न उकळता दूध बनवू नका. आरओच्या टाकीत पाणी साठून राहतं, नळाच्या तोंडाला आपलेच हात लागतात.

अजून एक, बऱ्याच नव्या सोसायट्यांमध्ये जड पाण्यासाठी सॉफ्टनर प्लांट असतो, आमच्याकडेही आहे, मिठाच्या गोण्या खाली उतरताना दिसतात. त्यात पाण्यातलं कॅल्शियम निघतं आणि त्या जागी सोडियम येतं. आंघोळीला, वॉशिंग मशीनला छान, पण ते पाणी नुसतं उकळून बाळाच्या दुधाला वापरू नका.

आता नायट्रेट. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यात, दोन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन महिनाभर गेले. घरी बोअरचं पाणी, आम्ही सगळे त्याच पाण्यावर वाढलो, भाऊ म्हणाला अगं उकळून दे, काय होतंय. पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं लिटरमागे त्याचं प्रमाण वाढतं. शेतातला युरिया, गोठा, संडासाचे शोषखड्डे यातून ते जमिनीत मुरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड, नांदेड या जिल्ह्यांची नावं यासाठी येतात. आपल्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत ठेवलेली नाही. मोठ्या माणसाला त्याने लगेच काही होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात ते हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, ओठ नखं निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवाच्या एका डॉक्टरने हे पहिल्यांदा नोंदवलं, तिथेही शेतघरातली विहीर आणि वरच्या दुधावरची बाळं.

मी भावाला पाणी तपासायला पाठवलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅनमध्ये पाणी आणि जंतूंच्या तपासणीला त्यांची निर्जंतुक बाटली, वेगवेगळं द्यायचं. आमच्या बोअरचं नायट्रेट ६८ आलं. बाबा तो कागद हातात घेऊन किती तरी वेळ ओट्यावर बसले होते, तीस वर्षांचं बोअर आहे त्यांचं. पण दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तालुक्यातून सीलबंद पाण्याचे बॉक्स आणले आणि मी परत येईपर्यंत एकदाही संपू दिले नाहीत. गावाकडे बाळंतपणाला जाणाऱ्या आणि बाळाला वरचं दूध देणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी पाणी तपासून घ्या.

तिकडे आणखी एक प्रेमाचा आग्रह असतो, उन्हाळा आहे, पोरीचा घसा सुकेल, चमचाभर पाणी पाज. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी द्यायचं नाही, आईच्या दुधात आणि नीट मापाने बनवलेल्या वरच्या दुधात लागेल तेवढं पाणी असतंच. आणि तांब्याच्या भांड्याचंही सांगते. सासूबाईंनी खूप जपलेला तांब्या काढून दिला होता, त्यातलं पाणी चांगलं म्हणून. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांना लिव्हरचा एक भयंकर आजार व्हायचा, पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या आसपास अभ्यास करून दाखवलं की तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या, ठेवलेल्या दुधातून तांबं बाळाच्या पोटात जातं आणि त्याचा या आजाराशी संबंध दिसतो. घरोघरी स्टील आल्यावर तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या आमच्या शेजारी असं एक पोर गेलं होतं गं, पोट फुगून. तांब्या त्यांनीच परत कपाटात ठेवला.

आता मुख्य खरेदी. दीड लिटरची स्टीलची इलेक्ट्रिक केटल, आपोआप बंद होणारी. एक लिटरचा स्टीलचा थर्मास, फक्त या पाण्याला, चहा त्यात कधीच नाही. आणि किचनचा डिजिटल थर्मामीटर, लांब सुईवाला, तीनशे रुपयांच्या आसपास. या तिन्हीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा तो थर्मामीटर. कारण असं की पावडर निर्जंतुक नसते, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. डबा बंद असला तरी त्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू, क्वचित साल्मोनेला, असू शकतो आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळाला तो फार महागात पडतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या सूचनांमध्ये पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० डिग्रीच्या खाली जायच्या आधी त्यात पावडर घाला असं आहे. आमच्या डब्यावर मात्र कोमट पाणी लिहिलंय. मी डबा घेऊन मॅडमकडे गेले, त्या म्हणाल्या हिच्यासाठी ७० च धरा. तुमच्या बाळाचं तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा, काही पावडरींमध्ये वेगळे घटक असतात, पण विचारा नक्की.

आमच्या केटलमध्ये अर्धा लिटर पाणी झाकण उघडं ठेवलं तर अर्ध्या तासात ६८ झालं, म्हणजे डोळ्यांनी अंदाज लागत नाही. थर्मासमध्ये रात्री दहाला उकळतं पाणी भरलं तर पहाटे चारला ७८ होतं. रात्री तीनला ती उठते तेव्हा उकळत बसायला लागत नाही. उकळून कोरडी केलेली काचेची बाटली, थर्मासमधलं पाणी आधी, मग सपाट चमचे, चमचा दाबायचा नाही, हातात नॅपकिन धरून हळू फिरवायचं, बाटलीतही ७२ यायचं. मग थंड पाण्याच्या पातेल्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवून ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. तेवढ्या वेळात ती रडून लाल होते, नवरा खांद्यावर घेऊन फिरत असतो, आणि मी पातेल्यातलं पाणी दोनदा बदलते. घाईत गरम दूध तोंडाला लावायचं नाही, मनगटाला कळल्याशिवाय नाहीच. उरलेलं दूध टाकून द्यायचं, बनवून दोन तास झालं असेल तरी टाकायचं, जीव तुटतो पण टाकायचं.

केटलबद्दल एकच तक्रार, दोन महिन्यांत तळाला पांढरे डाग पडले होते, आरओचा नॉब उघडा होता ते दिवस त्यात धरून. लिंबू घालून उकळलं की जातात. तेच तेच पाणी परत परत उकळायचं नाही, दर वेळी केटल रिकामी करून ताजं. थर्मासच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुता येते की नाही ते दुकानातच बघून घ्या, आमची निघते, जारच्या झाकणाची ती खोबण आठवते म्हणून मी रोज काढून घासते.

आता ती पाच महिन्यांची आहे, ६.२ किलो, माझं दूध बरंच वाढलंय, डब्याचं दूध दिवसातून दोनदाच. सोसायटीच्या कमिटीला मी टँकरच्या पाण्याची तपासणी करा म्हणून अर्ज दिलाय, चेअरमन काकांनी सोमवारी कॅन भरून पाठवायचं कबूल केलंय, बोअरचा वेगळा आणि टँकरचा वेगळा. रिपोर्ट आला की नायट्रेटचा आकडा इथेच खाली लिहीन.