१९७४ च्या अर्गोसीत डिझेल हीटर आणि लिथियम: अख्खा हिवाळा वापरल्यावर

आमचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) म्हणजे एअरस्ट्रीम कंपनीचीच अर्गोसी, १९७४ ची, २६ फुटी, बाहेरून रंगवलेली, त्यामुळे चकचकीत ॲल्युमिनियमवाल्यांसारखं कोणी फोटो काढायला येत नाही आणि ते बरंच आहे. राहतो अमेरिकेत कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ, जातो लेडव्हिल, सॅन लुईस व्हॅली, नाहीतर खाली युटात मोआबकडे, आणि बहुतेक वेळा हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या सरकारी जमिनीवर.

आधीच सांगते, हीटिंग वेगळं आणि वीज वेगळी असं समजून कामाला लागू नका. आमच्या जुन्या प्रोपेन फर्नेसला गॅस कधीच कमी पडला नाही, कमी पडायचा तो करंट. त्याचा पंखा चालू असताना ७ अँपच्या आसपास ओढतो, उणे १० च्या रात्री तो निम्मा वेळ तरी चालूच असतो, म्हणजे १२ तासांत ४० अँप-अवर गेले, आणि १०० अँप-अवरच्या लेड ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, त्यात थंडीने ती आणखी ढेपाळते. मग पहाटे व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो, पंख्याच्या वाऱ्याने सेल स्विचची पत्ती दाबली जायला हवी ती दाबली जात नाही, आणि ती दाबली नाही तर फर्नेस गॅसच सोडत नाही. म्हणजे टाकी भरलेली, पंखा घरघरतोय आणि आपण टोपी घालून कुडकुडतोय! शिवाय इतक्या जुन्या हीट एक्स्चेंजरला (ज्वाळा आणि आतली हवा वेगळी ठेवणाऱ्या पेटीला) तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड सरळ आत, त्यामुळे तो काढायचाच होता.

त्याजागी २ किलोवॉटचा चायनीज डिझेल हीटर बसवला. सुरू होताना ग्लो प्लगला (डिझेल पेटवणाऱ्या तापत्या कांडीला) काही मिनिटं ८-१० अँप लागतात, पण नंतर एक-दीड अँपवर निवांत चालतो. डिझेल रात्रभरात दोनेक लिटर. बाहेरची हवा घेऊन जाळतो आणि धूर बाहेरच सोडतो, त्यामुळे आतली गरमी कोरडी, आणि याचं महत्त्व ॲल्युमिनियमच्या डब्यात झोपल्याशिवाय कळत नाही. १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलोच्या वर पाणी तयार होतं, ते धुराड्यातून बाहेर गेलं तर ठीक, पण धुराडं नसलेले ते छोटे गॅस हीटर लावून झोपलात तर सगळं पाणी खिडक्यांवर आणि गादीखाली, आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती आहे ती वेगळी. अलार्म कुठल्याही हीटरला हवाच. आणि छताचा व्हेंट थंडीतही बोटभर उघडा ठेवायचा, आईला फोनवर हे सांगितलं तर तिला वाटतं मी चेष्टा करतेय.

आता तक्रारी. डिझेलच्या पंपाची टकटक, विशेषतः ज्याची उशी त्या बाजूला त्याला. आणि उंची! लेडव्हिल ३,०९४ मीटरवर आहे, हवा विरळ, डिझेल तेवढंच गेलं तर काजळी धरते, म्हणून पंपाचं सेटिंग कमी करावं लागतं आणि अधूनमधून थोडा वेळ फुल स्पीडवर पळवावा लागतो. सतत कमी स्पीडवर ठेवलं तरी काजळी धरतेच. बंद करताना पॉवर कधीही एकदम तोडायची नाही, त्याला गार व्हायला वेळ द्यायचा.

वीज म्हणाल तर मूळचा कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवरून १२ व्होल्ट देणारा) आणि काचेच्या फ्यूजांचं पॅनल सगळं काढलं. सगळ्यात जास्त पैसे गेले दोन १०० अँप-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांत. त्या शून्य डिग्रीखाली चार्ज करायच्या नसतात, बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षण सर्किट) चार्जिंग तोडतं, म्हणजे बाहेर ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यावर ठेवल्या तर कडक ऊन असूनही सोलरचा उपयोग शून्य. आम्ही त्या आत, पलंगाखाली, हीटरच्या डक्टजवळ घेतल्या. गाडीच्या अल्टरनेटरवरून ३० अँपचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडी चालताना बॅटऱ्या भरतात. आणि व्हिक्ट्रॉनचा स्मार्टशंट, म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर, त्याशिवाय बॅटरीत किती उरलंय हा नुसता अंदाज असतो.

सोलर ४०० वॉट, छतावर आडवं. उन्हाळ्यात धो धो, पण डिसेंबरात इथे भर दुपारीसुद्धा सूर्य २७-२९ अंशावर, म्हणजे आडव्या पॅनलला सरळ निम्म्याहून कमी, त्यात बर्फ. जमिनीवर तिरकं ठेवायचं एक सुटं पॅनल घेतलं, हिवाळ्यात तेच खरं कामाला येतं.

इंडक्शनवर कुकर हा माझा हट्ट होता (एवढ्या उंचीवर पाणी ९० डिग्रीलाच उकळतं, कुकरशिवाय तूरडाळ शिजायची वाटच बघायची). १२०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला १०० अँपच्या वर, त्यामुळे इन्व्हर्टर बॅटरीला चिकटून आणि केबल अंगठ्याएवढी जाड. वीस मिनिटांत साधारण ३३ अँप-अवर जातात. दिवसा ऊन असताना करते, रात्री गॅसच.

पाण्याचं मात्र नीट जमलेलं नाही. जुन्या फर्नेसची गरम हवा खाली टाक्यांपर्यंत जायची, या हीटरची जात नाही, म्हणून कडाक्यात आम्ही टाक्या रिकाम्या करून पाण्याचे कॅन आत ठेवतो. नवऱ्याचं चाललंय की टाकीला १२ व्होल्टचे हीटिंग पॅड लावू, मी म्हटलं आधी शंटवर बघ डिसेंबरात सकाळी उरतं किती, मग बोलू.