ग्रानादात मुक्काम कुठे करावा: अल्बायसीन, रेआलेहो की सेंत्रो?

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादात खोली शोधताना बहुतेकांचं पहिलं लक्ष जातं ते खिडकीतून अल्हाम्ब्रा, म्हणजे मुस्लीम राजांचा टेकडीवरचा जुना किल्लेवजा राजवाडा, दिसतो का याकडे. माझ्या मते आधी चढ पाहावा, खिडकी नंतर. दारो नदीच्या दोन बाजूंना दोन टेकड्या आहेत. एकीवर अल्हाम्ब्रा, समोरच्या टेकडीवर अल्बायसीन.

अल्बायसीन हा जुना मूरिश, म्हणजे मुस्लीम राजवटीच्या काळातला, मोहल्ला १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पांढऱ्या भिंती, उंच कुंपणाआड बाग राखणारी ‘कार्मेन’ घरं, आणि सान निकोलासच्या चौकातून समोर अख्खा अल्हाम्ब्रा. हिवाळ्यात मागे सिएरा नेवादा पर्वतरांगेचा बर्फही दिसतो. संध्याकाळी तिथे गर्दी उसळते. ती ओसरल्यावर आणि सकाळी लवकर मोहल्ला जसा दिसतो, तसा मुक्कामी माणसालाच पाहायला मिळतो. पण गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या, पायऱ्या मध्येच सुरू होणाऱ्या, आणि बऱ्याच घरांच्या दाराशी टॅक्सी पोचत नाही. चाकांची मोठी बॅग इथे निरुपयोगी. प्लासा नुएवावरून सी-३१ ही छोटी बस वर जाते, पण थांब्यापासून पुढे पायी जावंच लागतं. पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्या जोडप्याने बिनधास्त इथे राहावं. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना मात्र इथे नेऊ नये.

सेंत्रो, म्हणजे कॅथेड्रलचा परिसर, सपाट आहे. स्पेनची राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांना जिथे पुरलंय तो राजेशाही चॅपेल इथेच आहे. बस, दुकानं, औषधं सगळं हाताशी. लहान मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर मी दुसरा विचार करणार नाही. त्रास एकच, आवाजाचा: नावास गल्लीतले तापास, म्हणजे पेयासोबतच्या छोट्या खाऊचे, बार रात्री उशिरापर्यंत चालतात, म्हणून मागच्या बाजूची खोली मागून घ्या. ग्रानादात पेयासोबत तापा फुकट मिळतो ही मोठी चैन, पण तो बऱ्याचदा मांसाचा किंवा माशाचा. शाकाहारी असाल तर उसाच्या काकवीसोबतची तळलेली वांगी मागवा, पैसे देऊन का होईना.

दोन्हींच्या मधला माझा पर्याय म्हणजे रेआलेहो. अल्हाम्ब्राच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेली ही जुनी ज्यू वस्ती. काम्पो देल प्रिन्सिपेच्या आसपास राहिलात तर सेंत्रो चालत, आणि अल्हाम्ब्राही चालत, जरा धाप लागून. अल्हाम्ब्रातल्या नासरी घराण्याच्या राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकवून चालत नाही, म्हणून सकाळचं तिकीट असेल तर ही जवळीक कामी येते. पण बुक करताना नकाशावरचं अंतर पाहून फसू नका. रेआलेहोचा वरचा भाग अल्बायसीनइतकाच उभा आहे.

अल्बायसीनला लागून असलेल्या साक्रोमोंते वस्तीच्या गुहाघरांत एखादी रात्र मजेची, सगळा मुक्काम तिथे नको. अल्हाम्ब्राच्या आवारातला पारादोर, म्हणजे ऐतिहासिक इमारतीतलं सरकारी हॉटेल, पूर्वीच्या फ्रान्सिस्कन मठात आहे. जागा अप्रतिम, पण भाव सणसणीत, आणि शहरात जेवायला रोज टेकडी उतरा-चढायची.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, जानेवारीच्या रात्री शून्याजवळ येतो. तेव्हा कुठेही राहा, एसी आणि हीटर दोन्ही आहेत का ते विचारा. भाड्याची गाडी असेल तर हॉटेलला आधीच कळवा. जुन्या शहरात बऱ्याच रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेले आहेत, आणि दंडाची पावती नंतर येते.