माळवदाच्या घरात केबल की वाय-फाय?

आमच्याकडं धाराशिवच्या बाजूला माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड. राउटर ओसरीत ठेवला, तर माजघरात वाय-फाय जेमतेम पोचतं. ५ गिगाहर्ट्‌झच्या बँडला (वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्याला) वेग जास्त, पण भिंतीपुढं तो लवकर दमतो, २.४ चा लांब जातो, वेग मात्र कमी. शिवाय एका चॅनेलवर (बँडमधल्या एका वाटेवर) साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीच्यांनी थांबायचं.

लॅन केबलची, म्हणजे राउटरपासून थेट कॉम्प्युटरला जोडायच्या तारेची, वाट स्वतंत्र, येणं-जाणं एकाच वेळी चालतं. कॅट ६ प्रकारची लॅन केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिटचा वेग सांभाळते; वाड्याला तेवढी पुष्कळ झाली.

मोबाईलला वाय-फायच लागणार. पण ज्या कॉम्प्युटरवर लेकरांची ऑनलाइन परीक्षा आहे, तिथं मी केबलच ओढीन, भिंतीला भोक पाडावं लागलं तरी.